टेप गुंडाळण्याआधी: आट्यांचा जोड गळू नये म्हणून करायची तयारी

सगळ्यात आधी पाणी बंद करा, आणि ते खरोखर बंद झालंय का ते बघा. कामाच्या जागेच्या मागचा वॉल्व्ह बंद केला की त्याच लाइनवरचा सगळ्यात खालचा नळ उघडा सोडून द्या, शेवटचा थेंब पडेपर्यंत. जुन्या गेट वॉल्व्हची चकती बऱ्याचदा पूर्ण बसत नाही आणि चाक कितीही आवळलं तरी बारीक धार येतच राहते. एवढ्याशा पाण्याने काय होतंय, असं म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याही मागचा, टाकीजवळचा वॉल्व्ह बंद करा. ओल्या आट्यांवर (जोडाच्या टोकावरच्या पेचांवर) टेफ्लॉनची टेप पकड घेत नाही, गुंडाळताना सरकते. गीझरचा जोड असेल तर विजेचा पुरवठा बंद करून टाकीतलं पाणी गार होऊ द्यायचं, मगच पान्याला हात लावायचा. खाली एक पसरट भांडं, हाताशी दोन-तीन कोरडी फडकी आणि बॅटरी ठेवा. सिंकखाली आटे नीट दिसत नाहीत. बेसिनवर काम असेल तर जाळीवर एक फडकं पसरा, कारण हातातून सुटलेला वॉशर हमखास तिथेच जातो.

आता जोड कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. प्रत्येक जोडाला टेप लागत नाही, आणि नको तिथे लावलेली टेपच गळतीचं कारण होते. जिथे पाणी अडवायचं काम आट्यांनाच करायचंय तिथे टेप हवी: अँगल कॉक (कनेक्शन पाइपच्या आधीचा छोटा काटकोनी वॉल्व्ह) भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे काटकोनी जोडात, जातो तिथे, निपल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा) सॉकेटमध्ये (आतून आटे असलेल्या तुकड्यात) जातो तिथे, बिबकॉकच्या (भिंतीतल्या साध्या नळाच्या) मागच्या टोकाला, शॉवरच्या दांडीला. लवचिक कनेक्शन पाइपच्या नटात मात्र रबरी वॉशर असतो. तिथे पाणी वॉशर अडवतो, आटे फक्त नटाला ओढून धरतात. त्या आट्यांवर वेढे चढवले की नट मध्येच अडतो, हाताला घट्ट लागतो, पण वॉशर पुरता दाबलेलाच नसतो. युनियनच्या (दोन पाइप न फिरवता जोडणाऱ्या, सोडवता येणाऱ्या जोडाच्या) मोठ्या नटाचंही तेच, कारण तिथे दोन तोंडं एकमेकांवर बसून पाणी थांबवतात. युनियनची टोकं पाइपला जोडली जातात तिथल्या आट्यांना मात्र टेप लागते. तांब्याच्या नळीवरचे कॉम्प्रेशन (कडी दाबून बसवायचे) आणि फ्लेअर (नळीचं तोंड पसरवून बसवायचे) जोडही टेपशिवायच करायचे. शंका आली तर आतल्या आट्यांच्या बाजूत बॅटरी मारून डोकावा. तळाशी रबर दिसलं तर टेप खिशात परत. वॉशर कडक झालाय का, त्याला चीर गेलीय का, तेवढं बघा आणि तसं असेल तर नवा घाला.

टेप नेमकं काय करते हे एकदा लक्षात घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तिला गोंद नसतो. ती पीटीएफई या पदार्थाची पट्टी आहे, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये दुसराच प्रयोग करताना तो अवचित सापडला, आणि त्याची ओळखच अशी की त्याला काही चिकटत नाही. मग असा निसरडा पदार्थ जोड पक्का कसा करतो? आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याची खाच यांच्यात थोडी फट राहतेच. ती फट स्प्रिंगसारखी वळत वळत आतून थेट बाहेर येते, आणि पाणी याच वाटेने येतं. टेप ती वाट बुजवते. शिवाय निसरडी असल्यामुळे धातूवर धातू न अडकता जोड आणखी थोडा आत जातो. जोड धरून ठेवतात ते आटेच. आटे झिजलेले असतील तर टेपचे वीस वेढेही त्यांना वाचवत नाहीत.

टेप निवडताना रुंदी आणि जाडी बघा. अर्धा आणि पाऊण इंची जोडाला १२ मि.मी. रुंदीची टेप सोयीची पडते, एक इंच आणि त्यापुढे १९ मि.मी.ची. साध्या पांढऱ्या टेपची जाडी साधारण ०.०७५ मि.मी. असते, काही रिळं याहून पातळ आणि जाळीदार येतात, बोटावर ताणली की आरपार दिसतं. अशा टेपचे वेढे वाढवावे लागतात, आणि माझ्या मते ती घेऊच नये. पिवळी जाड टेप गॅसच्या जोडासाठी असते. गॅसचं काम ज्याला त्याचा परवाना आहे त्यानेच करावं, पाण्याच्या टेपने तर कधीच नाही. पीटीएफई २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, त्यामुळे गरम पाण्याची काळजी नको. पण टेप लावलेल्या जोडाजवळ गॅसची ज्योत धरून डाग देऊ (सोल्डर करू) नका, फार तापल्यावर त्यातून विषारी धूर निघतो.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो आटे साफ करण्याला. माझ्या हातून किंवा माझ्यासमोर जे जोड पहिल्याच दिवशी गळले, त्यांतल्या बहुतेकांच्या खाचेत जुनी टेप, सफेदा (आट्यांना फासायचा पांढरा लेप) किंवा गंज शिल्लक होता. बाहेरचे आटे साफ करायला तारेचा ब्रश घ्या, पण फिरवताना आट्यांच्या दिशेनेच फिरवा. उभा घासला तर माथे बोथट होतात. खाचेत रुतून बसलेला टेपचा तुकडा सुईने किंवा दाभणाने उचकटला की लांब दोऱ्यासारखा निघून येतो. त्याला मध्ये तुटू न देता हळूहळू सोडवत जा. आतले आटे लोक विसरतात. जुना टूथब्रश आत घालून गोल फिरवा, मग फडक्याचा बोळा करंगळीवर गुंडाळून पुसा. फडक्यावर काळं किंवा तांबडं यायचं थांबलं की झालं. प्लास्टिकच्या आट्यांना तारेचा ब्रश अजिबात लावू नका.

नव्या सामानालाही हे लागू आहे. नव्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) निपलवर आटे पाडतानाचं तेल आणि धातूचा कीस असतो. साबणाच्या पाण्याने धुवून कोरडा करा. नव्या नळाच्या आट्यांवर क्रोमचा मुलामा असतो, आणि तो इतका गुळगुळीत असतो की पिळताना टेप मागे सरकून आट्यांच्या मुळाशी गोळा होते. म्हणून हॅक्सॉचं पातं आट्यांवर आडवं धरून माथ्यांवर हलके ओरखडे काढून घ्या. खाच पाडायची नाही, नुसता खरखरीतपणा आणायचा. मग बोट फिरवून बघा, कुठे बोचतंय का. एखाद्या आट्याचा काठ मुडपलेला असेल तर तो टेपच कापतो. बारीक कानसीने तेवढाच काठ घासून टाका.

यानंतर टेप न लावता जोड एकदा हाताने फिरवून बघायचाच. यात दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे आटे जुळतात का. तीन-चार वेढे हाताने सहज गेले आणि मग हळूहळू घट्ट होत गेलं तर सगळं ठीक. दीड वेढ्यातच अडकलं तर एक तर आटा तिरका धरलाय, नाहीतर दोन वेगळ्या जातींचे आटे समोरासमोर आलेत. अर्ध्या इंचाच्या बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आणि एनपीटी (अमेरिकी मापाच्या) दोन्ही आट्यांत इंचाला १४ वेढेच असतात, पण आट्याचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६० अंश. सुरुवातीला ते गेल्यासारखे वाटतात आणि जोर केला की एकमेकांना खातात. उलट शेवटपर्यंत हाताने जाऊन वर डुगडुगत असेल तर आटे झिजलेत, तो भागच बदला. आणखी एक, दुकानात माप सांगताना पट्टी लावून सांगू नका. अर्धा इंची म्हणतात त्या आट्याचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मि.मी. भरतो. जुना भागच सोबत न्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: नळाचं तोंड शेवटी कुठे येणार? बिबकॉक खाली बघत थांबला पाहिजे, अँगल कॉकची तोटी कनेक्शनच्या बाजूला. टेप लावून पिळलेला जोड मागे फिरवून चालत नाही. एकदा मी अँगल कॉक पान्याने आवळला तर तोटी भिंतीकडे थोडी तिरपी झाली. सरळ दिसावी म्हणून अगदी बोटभर मागे घेतली. पाणी सोडलं तेव्हा जोड कोरडा होता. रात्री उठून कपाट उघडलं तर तोटीच्या मागे एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता, नुसता फुगत होता, आणि खालची फळी फुगलेली. दाबलेली टेप मागे फिरवताना आट्यांवरून सुटते आणि बुजलेली वाट पुन्हा उघडते. तेव्हापासून मी आधी कोरडा जोड फिरवून पेनाने दोन्ही भागांवर एक रेघ मारतो आणि किती वेढे गेले ते मोजतो. आवळल्यावर तोंड जागेवर येण्याआधीच जोड जाम होतोय असं दिसलं तर सगळं सोडवून टेपचा एक वेढा कमी, आणि तोंड जागेवर येऊनही सैल असेल तर एक जास्त. टेप दर वेळी नवी.

गुंडाळताना आट्यांचं तोंड स्वतःकडे करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलट गुंडाळली तर जोड पिळताना टेप उलगडत जाते आणि बाहेर झालर लोंबते; ती झालर दिसली की समजा काम पुन्हा करायचंय. पुढचा पहिला आटा मोकळा ठेवा. त्यामुळे सुरुवात सरळ धरता येते आणि टेपचे चिटोरे पाण्यात जात नाहीत. असे चिटोरेच पुढे नळाच्या जाळीत आणि शॉवरच्या भोकांत अडकतात. पहिलं टोक अंगठ्याने दाबून धरा, दर वेढा आधीच्यावर निम्मा चढवा, आणि टेप इतकी ताणा की तिच्यातून आट्यांचे उंचवटे स्पष्ट उमटतील. सैल गुंडाळलेली टेप पांढऱ्या चिंधीसारखी दिसते. ताणलेली टेप आट्याला कातडीसारखी बसते. अर्ध्या इंचाला चार-पाच वेढे पुरतात. एका वेढ्याला साधारण साडेसहा सेंटिमीटर लागतात, म्हणजे तीसेक सेंटिमीटरमध्ये काम झालं. शेवटी कात्री न वापरता टेप ताणूनच तोडा आणि आट्यांवरून बोट त्याच दिशेने दोनदा फिरवून टोक बसवा. आतल्या आट्यांना टेप लावायची नाही.

आवळण्यासाठी दोन पाने काढून ठेवा. एकाने भिंतीतला किंवा मागचा भाग धरायचा, दुसऱ्याने पुढचा फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर तो जोर भिंतीच्या आतल्या जोडापर्यंत जातो, आणि तिथली गळती फरशी फोडल्याशिवाय सापडत नाही. क्रोमच्या भागावर पान्याच्या दातांखाली फडकं घ्या. आधी हाताने जाईल तितकं, मग धातूच्या जोडाला पान्याने एक ते दोन वेढे. पाणी अडवण्यासाठी पाडलेले आटे निमुळते असतात, उतार १६ ला १. अर्ध्या इंचात एका वेढ्याला जोड १.८ मि.मी. आत सरकतो आणि त्यातच व्यास सुमारे ०.११ मि.मी.ने आवळला जातो. धातू हे सोसतो. सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी या पाइपच्या प्लास्टिकचा नुसता आटा असेल तर हाताने घट्ट झाल्यावर अर्धा वेढा, फार तर पाऊण, आणि थांबा. बाहेरचे आटे प्लास्टिकचे आणि आतले पितळी असतील तर माझी हरकत नाही, पण धातूचे आटे नुसत्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये पिळायचं मी टाळतो. ते पाचरेसारखे जातात आणि चीर आठवड्याभराने दिसते. तिथे आत पितळी आटे बसवलेला भागच आणा. प्लास्टिकवर टेपऐवजी गुंडाळायचं सूत आणि सफेदाही नको. सूत पाणी पिऊन फुगतं आणि सॉकेट आतून ताणतं. जीआयच्या जुन्या, जाड आट्यांना मात्र सूत-सफेदा आजही चांगलं काम देतात.

पंपाच्या ओढीच्या बाजूचा जोड असेल तर दुप्पट काळजी घ्या. तिथे गळती बाहेर दिसतच नाही, कारण पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि पंप पाणी ओढेनासा होतो. लोक मोटर दुरुस्तीला नेतात, दोष जोडात असतो.

पाणी सोडण्याआधी नळाची पुढची जाळी काढून ठेवा, जोड बाहेरून कोरडा पुसा आणि वॉल्व्ह पाव वेढाच उघडा. हवा फसफसत निघून जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. नळातून मिनिटभर पाणी वाहू द्या, जाळी मग लावा. आता नळ बंद करून लाइनमध्ये पूर्ण दाब येऊ द्या आणि जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावाही कागदावर लगेच डाग म्हणून उमटतो. डाग आला तर पाना घेऊन आणखी आवळत बसू नका. पाणी बंद करून जोड सोडवा, जुनी टेप पूर्ण काढा, आटे पुन्हा पुसा आणि टेपचा एक वेढा जास्त घ्या. गरम पाण्याचा जोड एकदा तापवून, गार होऊ देऊन पुन्हा तपासा. मग जोडाखाली वर्तमानपत्राचा एक कागद पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उजेडात धरून बघा. कागद कोरडा असेल, कुठे सुरकुतलेला नसेल, तर सिंकखालचं सामान परत आत लावायला हरकत नाही.