इंदूरात लहान मुलांना घरी शिकवायचंय? सुरुवात अशी करा

पाच-सहा वर्षांच्या पोराला सकाळी दीड-दोन तास बसवलं की भरपूर झालं, शाळेसारखं टाइमटेबल घरात आणूच नका. आधी प्रार्थना, एक गीत, मग बायबलमधला एक दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली छोटी बोधकथा, आणि त्याच दाखल्यातून पुढचा अभ्यास काढायचा.

उदाहरणार्थ, बायबलच्या मत्तय पुस्तकातल्या 13 व्या अध्यायातला मोहरीच्या दाण्याचा दाखला घ्या. मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी ताटलीत पसरा, मुलांना दहा-दहाच्या ढिगाऱ्या करू द्या, हे झालं गणित, मग ओल्या कापसावर ठेवा, दोन-तीन दिवसांत मोड येतात, रोज पट्टीने मोजून वहीत चित्र काढायचं आणि खाली "मोहरी" असं स्वतःच्या हाताने लिहायचं. वर्कशीटपेक्षा हे शंभरपट बरं, खरंच सांगते.

हिंदी गल्लीत खेळताना येतेच, म्हणून घरात मराठी वाचन रोज हवंच. मित्रांसाठी संध्याकाळचं खेळणं आणि संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला रविवारचा मुलांचा वर्ग, चुकवू नका.

सर्टिफिकेटची काळजी असेल तर एनआयओएस, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त शाळेचं बोर्ड, बघा, त्यांच्या ओबीईच्या (मुक्त मूलभूत शिक्षणाच्या) ए, बी, सी लेव्हल तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या आहेत, आणि दहावीला वय 14 पूर्ण लागतं. जन्मदाखला आणि आधार आत्ताच नीट करून ठेवा.