कार्बनची चाकं घरात ठेवताना

कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सायकलसाठी वेगळी खोली नाही. सिंहगड पायथ्याच्या नेहमीच्या फेऱ्या मी ॲलॉयच्या चाकांवर करते आणि 50 मिलीमीटर खोल रिमची कार्बन फायबरची जोडी शर्यतीपुरती बाहेर काढते. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस ती घरातच असते. तिला आजवर एकच जखम झाली आणि तीही गाडीच्या डिकीत.

पाचगणीहून परतताना दोन्ही चाकं एकावर एक आडवी टाकली होती, मध्ये काहीच न घालता. पसरणी घाटाच्या वळणांवर ती एकमेकांवर घासत राहिली. घरी येऊन बघते तर मागच्या चाकाच्या कॅसेटच्या, म्हणजे दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याच्या, कडेनं पुढच्या रिमवर बोटाच्या पेराएवढा ओरखडा ओढलेला. नख फिरवलं की अडकायचं. नशिबानं तो वरच्या लॅकरपुरताच होता, आतला धागा शाबूत होता. कार्बनची रिम खड्ड्यातला दणका सोसते, पण एकाच बिंदूवर टोचत राहणारं लोखंड तिला सोसत नाही.

तेव्हापासून आजीच्या जुन्या गोधडीचे दोन तुकडे चाकांसाठीच ठेवलेत. प्रवासात एक तुकडा दोन चाकांच्या मध्ये, कॅसेट आणि डिस्क (ब्रेकची चकती) बाहेरच्या बाजूला, आणि वर एकही बॅग नाही. घरी चाकं भिंतीवर टांगते. खुंटी रबर चढवलेली हवी. मी फाटक्या ट्यूबचा तुकडा दोनदा गुंडाळून घट्ट बांधलाय. जोडीचं वजन दीड किलोच्या आसपास, त्यामुळे रिमवर टांगायला हरकत नाही. स्पोकमध्ये हूक घालून मात्र कधीच टांगू नका.

जागा निवडताना आधी उष्णतेचा विचार करा. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा एप्रिलमध्ये तापतो, पश्चिमेची गॅलरी त्याहून वाईट. गीझरजवळचा कोपराही नको. उन्हात उभ्या गाडीत तापमान 60 अंशांपर्यंत सहज जातं. सकाळी 25 अंशांत 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं टायर तिथे 80 च्या घरात पोचतं आणि हूकलेस, म्हणजे टायर धरायला कडेला आकडा नसलेल्या, रिमची कमाल मर्यादा 72.5 आहे. म्हणून डिकीत टाकण्याआधी हवा कमी करायचीच.

घरी ठेवतानाही मी 40 पर्यंत उतरवते. पूर्ण रिकामं टायर ठेवलं तर ट्यूबलेसचा बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) रिमवरून सुटू शकतो आणि सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा आतला द्रव, बाहेर गळतं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे खाली साचलेलं सीलंट त्यात जाऊन गोठणार नाही. आठवड्यातून एकदा येता-जाता चाक फिरवायचं. दर दोन-तीन महिन्यांनी सीलंट किती उरलंय ते बघायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर आटतं.

आता घाम आणि खारी हवा. गोव्याच्या शर्यतीनंतर एकदा मी चाकं तशीच पिशवीत घालून ठेवली. तीन आठवड्यांनी उघडली तर ॲल्युमिनियमच्या निपलांच्या (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटांच्या) मुळाशी पांढरी पूड. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं. मुंबई-कोकणातल्यांनी तर हे विसरूच नये. साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड, एवढं पुरतं. थिनर, पेट्रोल लांब ठेवा. धुतल्यावर चाक कानाजवळ धरून हळूच हलवा. आत पाणी खळखळलं तर पाणी जाण्याचं भोक खाली करून रात्रभर उभं ठेवा. पिशवीत घालायचं ते पूर्ण वाळल्यावरच.

डिस्कला उघड्या बोटांनी हात लावू नका. शेजारी चेनचं तेल किंवा गंजरोधक स्प्रे वापरत असाल तर चाकं आधी दुसऱ्या खोलीत न्या. दसऱ्याला आई सायकलची पूजा करते. हळदकुंकू हँडलला आणि रिमला, डिस्कला नाही, हे तिनं आनंदानं मान्य केलंय. चाकं काढलेल्या सायकलच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात) प्लास्टिकचा स्पेसर अडकवून ठेवा. घरातल्या लहान मुलानं ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

शर्यतीच्या चार दिवस आधी मी चाकं खाली उतरवते. पांढरं सुती फडकं रिमवरून सावकाश फिरवते. कुठे फडक्याचा धागा अडकला की तिथे बॅटरी मारून बघायचं. मग रुपयाच्या नाण्यानं रिमभर हलकं टकटक करत जायचं, सगळीकडे तोच खणखणीत आवाज यायला हवा. एखाद्या ठिकाणी तो बद्द झाला तर आतले थर सुटलेले असू शकतात. असं चाक जाणकाराला दाखवेपर्यंत परत गोधडीत जातं आणि शर्यत ॲलॉयवर होते. दाखवायला वेळ मिळावा म्हणूनच चार दिवस आधी.