परगावच्या ट्रेलवर माउंटन बाईक नेताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी सहाला ठाण्यात उपवन तलावापाशी उभं राहिलं, की येऊरला निघालेले वीसेक सायकलवाले दिसतात. निम्म्यांच्या सायकली माझ्या सायकलीपेक्षा महाग. डांबरी चढ, वर चहा, खाली सुसाट. सहा महिने हे केलं की यांना वाटतं, आता आंबोली, आता जव्हार, मग थेट हिमाचल. जावंच, माझी ना नाही. पण परत आल्यावर जे किस्से सांगतात ते ऐकून कंटाळा आलाय. किस्सा तोच असतो, फक्त गाव बदलतं. आणि त्यातले बरेचसे मी स्वतः आधी करून बसले आहे, त्यामुळे धड हसताही येत नाही.

मॅपवरची रेघ म्हणजे ट्रेल नव्हे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. म्हणजे सगळ्यात महागात पडलेली.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी नाणेघाट सायकलने उतरायचं ठरवलं. ॲपवर वरपासून वैशाखऱ्यापर्यंत सलग रेघ होती, मध्ये कुठे तुटलेली नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, अर्ध्या तासात खाली. पहाटे ठाण्याहून टेम्पोत सायकली घातल्या, मुरबाडवरून माळशेज चढलो, वळसा मारून घाटघरच्या बाजूने नाणेघाटाच्या माथ्यावर आलो. टेम्पो परत फिरवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, खाली रस्त्याला थांब.

आता नाणेघाट काय आहे हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. शाळेत शिकलो होतो. सातवाहनांच्या काळातली वाट, कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून वर आहे, गुहेत ब्राह्मी शिलालेख आहे. हे सगळं माहीत असूनही कुणाच्या डोक्यात आलं नाही, की ही वाट माणसांसाठी आणि लादलेल्या जनावरांसाठी केली होती, चाकासाठी नव्हे. माथ्याला अरुंद खिंड, तिच्यात दगडी पायऱ्या, एकेक गुडघ्याएवढी.

वर एक मामा बसले होते, बाजूला तांदळाचं पोतं. मी विचारलं, "मामा, सायकल खाली जाते का?"

"जाते की. का नाही जाणार?"

सायकल खाली गेलीच. आमच्या खांद्यावरून. सकाळी आठला निघालो ते दुपारी एकला रस्त्याला लागलो. चौदा किलोची सायकल खांद्यावर, पेडलच्या खिळ्यांनी पोटऱ्या सोलवटलेल्या, आणि समोरून चढणारी ट्रेकची पोरं बाजूला सरून आमचे फोटो काढतायत. अर्ध्या वाटेत ते मामा पोतं डोक्यावर घेऊन मागून आले. माझ्या खांद्यावरून सुटून लोंबणारं पुढचं चाक त्यांनी न विचारता काढून दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाले, "म्हटलं नव्हतं, जाते?"

मामांची काही चूक नव्हती. प्रश्नच चुकला होता. गावात सायकल म्हणजे हातात धरून न्यायची, वेळ पडली तर उचलायची वस्तू. त्यामुळे "सायकल जाते का" याचं उत्तर सह्याद्रीत कुठेही "जाते" असंच येतं.

तेव्हापासून मी शेवटच्या पाड्यावर थांबते आणि वेगळे प्रश्न विचारते. पहिला: इथून मोटारसायकल जाते का, आणि कुणाची गेलीये? नावानिशी सांगितलं, "आमच्या पुतण्याची जाते रोज," तर बिनधास्त निघायचं. मोटारसायकल नाही म्हणाले, तर दुसरा: गुरं जातात का? गुरं जात असतील तर जमेल, पण चार-सहा ठिकाणी उतरावं लागणार हे धरून चालायचं. गुरंही जात नाहीत, फक्त माणसं जातात म्हणाले, तर सायकल वळवायची. आणि शक्य असेल तर बायकांना विचारा. बाप्यांना नाही म्हणायला कमीपणा वाटतो. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला त्या वाटेवरचा प्रत्येक हलता दगड पाठ असतो. "मावशी, मोळी घेऊन इथूनच येता?" एवढं विचारलं की पुढचं सगळं ती आपणहून सांगते, कुठे झरा आहे आणि कुणाचा कुत्रा सुटा असतो त्यासकट.

याला पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांसाठी लोकांना धीर नसतो, पण कड्यावरून परत चढायला तीन तास असतात.

एक मात्र अजून लागतं. त्या पायऱ्यांवर आमच्या सायकली दोनदा घरंगळल्या, दगडाला ओरखडे उमटले. दोन हजार वर्षांची वाट आहे ती. ते फोटो मी कुणाला दाखवत नाही.

चमकणारी रेघ म्हणजे परवानगीही नव्हे

उलटी गंमत आमच्याकडे होते. पुण्या-नाशिकची मंडळी ठाण्यात येतात, ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून कुठून गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर, येऊरच्या जंगलात रेघ चमकताना दिसते, आणि डांबर सोडून आत शिरतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. हीटमॅप एवढंच सांगतो, की कुणीतरी गेलं होतं. त्याला गार्डने धरून परत आणलं, हे रेघेत दिसत नाही. कर्नाळा, तानसा, तुंगारेश्वर ही अभयारण्यं, तिथेही हाच न्याय. आधी वनखात्याच्या चौकीवर विचारा. आणि येऊरला बिबटे आहेत ही काही दंतकथा नाही. अंधार पडायच्या आत खाली या, हेडलाईट कितीही भारी असो.

खारघरच्या उत्साही मंडळींसाठी एकच ओळ: पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याला जायला बंदी असते, ती सायकलवाल्यांनाही लागू आहे.

बसच्या डिकीत सायकल टाकून झोपणं

दुसरी लाडकी चूक. आंबोलीला जायचं होतं. तीन हात नाक्यावरून रात्रीची खासगी बस, डिकीत सायकल आडवी टाकली, क्लीनरला शंभर रुपये दिले आणि वर जाऊन झोपले. सायकल उजव्या अंगावर आडवी आहे, हे मी पाहिलं होतं. उजव्या अंगाला मागचा डिरेलर असतो, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. रात्रीत कुठेतरी तिच्यावर कसल्यातरी गोणी चढल्या.

सकाळी उतरवली तेव्हा वरवर सगळं ठीक. गिअर जरा कुरकुरत होते, मी म्हटलं बघू नंतर. हे "बघू नंतर" फार वाईट. पहिल्याच चढाला सगळ्यात हलका गिअर टाकला आणि कडकड आवाज करत डिरेलर चाकाच्या तारांत शिरला. तीन तारा गेल्या, डिरेलरचे दोन तुकडे, चाक जागीच जाम. सायकल चालवली एकूण ८०० मीटर. ठाण्याहून आंबोली ५०० किलोमीटरच्या आसपास.

झालं होतं काय, तर हँगर वाकला होता. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीवर अडकवतात ती पट्टी. ती मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची करतात, धक्का बसला तर तिने वाकावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. जवळपास प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळी. सावंतवाडीतल्या एका दुकानदाराने बिचाऱ्याने चार प्रकारचे हँगर काढून लावून पाहिले, एकही बसला नाही. शेवटी त्यानेच चेन तोडून आखूड केली, मधल्या एका गिअरवर बसवली, तारा वळवून बाजूला बांधल्या. दोन दिवस मी एका गिअरवर आंबोलीत फिरले, म्हणजे बहुतेक चालले. हा जुगाड मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवरच करा. मागे सस्पेन्शन असेल तर चाक वरखाली होताना चेन ताणली जाते आणि नवीन काहीतरी मोडतं.

आता माझी सवय अशी आहे. निघायच्या आदल्या रात्री डिरेलर काढते. ५ नंबरच्या ॲलन कीचा एकच बोल्ट असतो. केबल तशीच ठेवून डिरेलर जुन्या ओढणीत गुंडाळायचा आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत बांधून टाकायचा. माझ्या सायकलीचा जादा हँगर पाकिटात, पैशांच्या शेजारी. सोबत माझ्या चेनला बसणारी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, आणि चेन तोडायचं चेन टूल. पोचल्यावर सायकलच्या मागे उकिडवं बसून बघायचं, डिरेलरचा पिंजरा सरळ खाली लोंबतोय की आत कलंडलाय. कललेला दिसला तर हलका गिअर टाकायचाच नाही.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर आणखी एक. चाक काढलेलं असताना कुणीतरी ब्रेक दाबतोच. क्लीनर दाबतो, हमाल दाबतो, आपलीच पोरं दाबतात. मग ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाकाची डिस्क त्यांच्या मध्ये जात नाही. चाक काढल्याबरोबर दोन पॅडच्या मध्ये घडी केलेला पुठ्ठा सरकवायचा, बिस्किटाच्या खोक्याचा चालतो. पुठ्ठा विसरलात तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळू मागे ढकला. स्क्रू ड्रायव्हर घालू नका. मी घातलाय.

हवा "एकदम टाईट"

ही चूक मोडायला सोपी आणि पटवायला अशक्य. पोरं येऊरच्या डांबरावर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेने फिरतात, कारण सायकल हलकी पळते. तेवढीच हवा घेऊन जांभ्यावर किंवा मुरबाडकडच्या सुट्या काळ्या दगडांवर गेलं, की टायर दगड धरत नाही, चेंडूसारखा उडतो. मग म्हणतात ट्रेल खराब होता. टायरवर छापलेला मोठा आकडा ही शेवटची मर्यादा असते, सल्ला नव्हे.

माझं वजन साठच्या आसपास, टायर सव्वादोन इंची, ट्यूबलेस. मी पुढे २० आणि मागे २३ ठेवते. ट्यूब असेल तर पाचेक जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. वजन जास्त तर त्या मानाने वाढवा. गेज असलेला छोटा पंप जवळ ठेवा, अंगठ्याने दाबून कुणालाही काही कळत नाही. आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरली तर आपल्या गेजने परत मोजा. तो बिचारा प्रेमाने कडक भरून देतो.

पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवा, हळू. बाभळीचा काटा तिथेच असतो. घाईने दहा मिनिटांत दोन ट्यूब फोडून तिसरी मागायला माझ्याकडे आलेला एक मुलगा मी पाहिलाय. दिली त्याला, पण आधी बोटं फिरवायला लावली.

बाकीच्या, थोडक्यात

उतारापूर्वी सीट खाली करा. दर वेळी. खाली आल्यावर वर करायचा कंटाळा येतो म्हणून वरच ठेवणारे लोक हँडलवरून पुढे जातात.

लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, परत दाबा. पावसाळ्यात मऊ रेझिनचे पॅड चिखलात भराभर संपतात, मेटलचे जास्त टिकतात, जादा जोडी बरोबर हवीच.

सप्टेंबर-ऑक्टोबरचं उंच गवत फोटोत छान येतं. त्याच्या खाली दगड असतात.

भाताच्या बांधावरून सायकल नेऊ नका. बांध फुटला तर पाणी जातं. तुम्हाला तो शॉर्टकट दिसतो, त्या माणसाचं ते वर्षाचं पीक आहे. इथे मी कुणाशीच गोड बोलत नाही.

कुत्रा अंगावर आला तर पळवू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरा. दहांत नऊ वेळा त्याचा रस संपतो.

घरी आल्यावर सायकल प्रेशरच्या पाण्याने धुऊन आणू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली, फडकं, जुना टूथब्रश. आणि धुताना दोन्ही टायर हाताने सावकाश फिरवून बघा. मुरबाडला लागलेला एक काटा माझ्या टायरमध्ये गप बसून होता, आतलं भोकं बुजवणारं सीलंट सुकलं होतं ते मी बघितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी येऊरच्या चढावर तो गळून पडला आणि हवा गेली. उपवनपर्यंत सायकल ढकलत आणली, आणि खाली तेच वीस जण चहा पीत उभे होते.