नॉर्वेजियनमध्ये माफी कशी मागायची

आधी चूक केवढी ते बघा, शब्द त्यावरून ठरतो. ट्राममध्ये कोणाच्या पायावर पाय पडला तर 'उन्शिल'. अशा वेळी बरेच जण सरळ 'सॉरी' म्हणून मोकळे होतात, तेही चालतं. यायला उशीर झाला, ईमेलचं उत्तर राहिलं किंवा नाही म्हणायचंय, तर 'बेक्लागर'. माल संपलाय हे दुकानदारही याच शब्दाने सांगतो. मन दुखावलं असेल तर 'यै एर लै मै', म्हणजे मला वाईट वाटतंय. 'तिल्यी मै', क्षमा कर, हे फार जड. कप फुटला म्हणून कोणी इतकं म्हणत नाही.

उच्चाराकडे लक्ष द्या. 'उन्शिल'च्या शेवटी लिहिताना द असतो, बोलताना नसतो. 'शि' म्हणताना जीभ ई-ची, ओठ उ-सारखे गोल. 'बेक्लागर'मध्ये 'क्ला' लांबवा, जोर तिथेच.

मग 'आत' (की) लावून कारण जोडा: 'बेक्लागर आत यै कॉमर सेन्त', उशिरा येतोय त्याबद्दल माफ करा. खरा घोळ नकारात होतो. 'यै स्वाटे इके', मी उत्तर दिलं नाही, यात 'इके' (नाही) क्रियापदानंतर आहे. पण 'आत' आला की तो क्रियापदाच्या आधी सरकतो: 'बेक्लागर आत यै इके स्वाटे'. 'स्वाटे' लिहिताना र आणि त असतात. ऑस्लोकडे दोन्ही मिळून चक्क आपला ट होतो. बर्गनमध्ये तसं होत नाही, तिथला र घशातून येतो.

'लै'शी जपून. 'मै'च्या जागी 'दै' (तुला) गेलं की 'यै एर लै दै' होतं, आणि त्याचा अर्थ 'मला तुझा वीट आलाय'! कशाबद्दल वाईट वाटतंय ते 'फॉर' लावून पुढे सांगा: 'यै एर लै मै फॉर दे यै सा', मी जे बोललो त्याबद्दल.

कोणी गेल्याचं कळलं तर यातलं काहीच नको. तिथे 'कोन्दोलेरर'.

माफी एकदाच मागा, कारण एका वाक्यात. समोरचा 'दे गोर ब्रा' (ठीक आहे) म्हणाला की विषय संपला. पुन्हा पुन्हा मागितलीत तर तोच अवघडतो. तुमची कोणी माफी मागितली तर उत्तर हेच. 'वॅर सो गू' म्हणू नका, ते आभारांना द्यायचं उत्तर.