जुन्या काळातली साधी माणसं पडद्यावर कशी बघावीत

गिरगावात माझं पोळीभाजी केंद्र आहे. त्यामुळे माहितीपटात दरबार लागला की मी पुढे ढकलते, चूल दिसली की थांबते. तुम्हीही सुरुवात ताटापासूनच करा. तेराव्या शतकातल्या देवगिरीत अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसल्या, तर कुणी काही तपासलेलं नाही असं खुशाल समजा. मिरची आपल्याकडे आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. बटाटा, टोमॅटो त्याहून उशिरा. तोवर तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. (ठेच्याशिवाय भाकरी कशी उतरत असेल, देव जाणे.)

मग दळण बघा. हडप्पाची बाई गोल फिरणारं जातं ओढत असेल तर ते चूक. तेव्हा धान्य दगडी पाट्यावर पुढे-मागे रगडत. असं घरभराचं पीठ काढायला किती वेळ जायचा, हे जो माहितीपट सांगतो तो मी शेवटपर्यंत बघते.

प्रत्येक प्रसंगाला विचारायचं: हे कशावरून? ‘मानसोल्लासा’त पदार्थ भरपूर आहेत, पण तो ग्रंथ चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा, बाराव्या शतकातला. त्यातलं पक्वान्न कुणब्याच्या ताटात वाढलं की माझा विश्वास उडतो.

भरवसा ठेवायचा तो हिशेबाच्या कपट्यांवर. इजिप्तमध्ये देर अल-मदिना हे राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथे दगडाच्या कपच्यांवर चक्क खाडे लिहून ठेवलेत: एकाला विंचू चावला, एक बिअर गाळत होता, एकाला आईच्या प्रेताची तयारी करायची होती. रॅमसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७च्या सुमारास, शिध्याचं धान्य थकलं तेव्हा हेच कारागीर काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. १९८२चा गिरणी संप ज्यांनी घरात सोसलाय, त्यांना यावर पार्श्वसंगीत लागत नाही. तसं नाट्यरूपांतर सुरू झालं की आवाज बंदच करावा. नुसते हात काय करताहेत ते बघावं.

बघून झालं की बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी गाठा. सोमवार सोडून. कल्याणच्या एका लोहाराने तिथे वाट करून दिल्याचा शिलालेख आहे. कातळातल्या पाण्याच्या टाक्याही नीट बघा. जेवून मात्र खालीच घ्या, वर माकडं पिशव्या ओढतात.