बियांपासून प्रिकली वॅटल कशी वाढवावी

प्रिकली वॅटल हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातलं काटेरी झुडूप. शास्त्रीय नाव अकेशिया व्हिक्टोरिए, उंची साधारण 2 ते 5 मीटर. आपल्या बाभळीची ही लांबची नातलग. ॲडलेडसारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, ती घरच्या अंगणात छान येते. बी स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेतून आणा. रानातल्या शेंगा परवानगीशिवाय तोडू नका.

खरी मेख बियांच्या टणक सालीत आहे. नुसतं पेरलं तर बी महिनोन्महिने तसंच पडून राहतं. म्हणून बी वाटीत घ्या, पाणी खळखळून उकळा, आच बंद करा आणि ते बियांवर ओतून रात्रभर ठेवा. बी गॅसवर उकळायचं नाही, शिजून जाईल. सकाळी भिजल्या मटकीसारखं टम्म फुगलेलं बी वेगळं काढून पेरा. न फुगलेल्याला पुन्हा गरम पाणी.

सोटमूळ झपाट्याने खोल जातं, म्हणून कुंडी उंच हवी. मातीत भरपूर वाळू मिसळा आणि बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. शेणखत, कोंबडीखत नको. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्र पुरवतात, आणि जास्तीचं स्फुरद ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच झाडांना सोसत नाही.

आता रोपाकडे रोज बघा, कारण पुढचं फार सुंदर आहे. पहिली पानं पिसासारखी, हुबेहूब बाभळीची. मग देठ रुंद होत जातो, टोकाच्या पर्णिका नाहीशा होतात आणि तो चपटा देठच पानाचं काम करू लागतो. काही दिवस एकाच रोपावर खाली बाभूळ आणि वर वॅटल दिसते. रोग समजून उपटू नका.

एप्रिल-मे महिन्यांत, ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी पावसाच्या तोंडावर, रोप जमिनीत लावा. काटे बोचरे असतात, तेव्हा मुलांच्या वाटेपासून दोन-तीन मीटर लांब. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, नंतर फारसं लागत नाही.

फुलं फिकट पिवळी. उन्हाळ्यात शेंगा कागदासारख्या वाळल्या की बी काढा. ऑस्ट्रेलियातले आदिवासी लोक हे बी पूर्वापार दळून खात आले आहेत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजून दळलं, की कॉफीसारखा खमंग वास सुटतो. मात्र वॅटलच्या सगळ्याच जातींचं बी खाण्याजोगं नसतं; जात जाणकाराकडून नक्की करून घेतल्याशिवाय एक दाणाही तोंडात टाकू नका.