झाकण्याआधी पाहा: गोव्यात घराचे काम चालू असताना काय, कधी आणि कसे तपासावे

घराचे काम सुरू झाले की घरची माणसे भिंतीच्या उंचीवरून प्रगती मोजतात. लिंटेल झाले, स्लॅब पडला, मग चवथीला नव्या घरात गणपती आणायचे बेत सुरू होतात. खरे तर सांगाडा आणि छप्पर झाले तरी खर्च जेमतेम निम्म्याच्या आसपास पोचलेला असतो. वीज, नळ, प्लास्टर, लादी, दारे-खिडक्या ही सगळी रेंगाळणारी कामे त्याच्या पुढची. शिवाय पुढे वर्षानुवर्षे त्रास देणारी चूक डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीत सहसा नसतेच. ती काँक्रीटच्या पोटात, प्लास्टरमागे किंवा लादीखाली असते.

म्हणून रोज साइटवर उभे राहायची गरज नाही. काम झाकले जाण्याआधीचे दहा-बारा दिवस ओळखायचे आणि त्या दिवशी हजर राहायचे. नोकरी पणजीत आणि घर पेडण्यात, किंवा मुलगा दुबईत आणि वडील डिचोलीत असे असले तरी एवढे जमते.

आधी दिनदर्शिका

गोव्यात घराचे वेळापत्रक कंत्राटदार ठरवत नाही, पाऊस ठरवतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सत्तरीत घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यापासून उलटे मोजत यावे. मेच्या मध्यापर्यंत छप्पर आणि बाहेरचे प्लास्टर व्हायला हवे, तर स्लॅब मार्चच्या आत आणि जोते डिसेंबरअखेर. त्यासाठी पायाची खोदाई ऑक्टोबरच्या शेवटी, जमीन वाफशावर आली की लगेच. मधल्या काळात शिगमा येतो, बाहेरगावचे कामगार होळीला गावी जातात आणि परत येण्याची तारीख कोणीच नक्की सांगत नाही. ते दोन-तीन आठवडे आधीच वजा धरावेत.

पाऊस येईपर्यंत छप्पर होणार नसेल, तर घाईने अर्धवट काम पुढे रेटण्यापेक्षा जोत्यावर थांबलेले बरे. पावसाळाभर भिजून जोत्यातली भर आपोआप बसते, हा थांबण्याचा फायदाच. कॉलमच्या उघड्या सळ्यांना मात्र सिमेंटच्या पाण्याचा हात द्यावा, नाहीतर चार महिन्यांत त्यांना पापुद्रे सुटलेला गंज धरतो.

सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद), नगरनियोजन खात्याची मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना काम सुरू होण्याआधी हातात असतोच. साइटवर मात्र मंजूर नकाशाची प्रत ठेवा आणि आखणीच्या दिवशी हद्दीपासूनची अंतरे टेपने स्वतः मोजा. पुढे ऑक्युपन्सी (घरात राहायला जाण्याचा दाखला) मागताना नकाशा आणि घर जुळले नाही, तर सुधारित नकाशाचा सगळा फेरा पुन्हा करावा लागतो. आखणीत खोलीचे दोन्ही कर्ण सारखे येतात का तेही बघा. कोपऱ्यातून एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजले, तर त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट हवे.

जोते: इथे घाई नको

जोत्यात भर टाकताना कंत्राटदार ट्रक रिकामा करतो, वर पाणी मारतो आणि 'बसली' म्हणतो. ती बसत नाही. १५ ते २० सेंटिमीटरचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकणे आणि मगच पुढचा थर. खालची चिकट माती, झाडांची मुळे, लाकडाचे तुकडे यांतले काही आत जाऊ देऊ नये. मुळे कुजली की तिथे पोकळी राहते, आणि लाकडाच्या तुकड्यांवर वाळवी जगते.

वाळवीचे औषध जोत्याच्या पीसीसीआधीच (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थराआधीच) मारायचे असते. भरलेल्या जोत्यावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण लागते. म्हणजे ८० चौरस मीटरच्या घराला ४०० लिटर. दोन माणसे पाठीवर पंप घेऊन अर्ध्या तासात निघाली तर हिशेब जुळला नाही, हे तोंडावर सांगावे. १६ लिटरचा एक पंप धरला तर २५ फेऱ्या होतात, त्या मोजता येतात. पावसात किंवा भिजलेल्या मातीवर मारलेले औषध वाया जाते.

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर उंच हवे. व्हाळाजवळ किंवा सखल भाटात असाल तर शेजाऱ्यांना विचारून पुराच्या खुणेच्या वर घ्यावे. चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी तो वर खेचतो. म्हणून जोत्यावर ओल अडवणारा थर अखंड हवा. दाराच्या जागी तो हमखास तुटलेला सापडतो.

सोक पिट (सांडपाणी मुरवण्याचा खड्डा) विहिरीपासून १८ मीटर तरी दूर हवा. पावसाळ्यात चिऱ्याच्या जमिनीत पाण्याची पातळी पुष्कळ वर येते, तेव्हा खड्डा ऑगस्टमध्ये किती भरेल याचा विचार करूनच त्याची जागा आणि खोली ठरवावी. जानेवारीत कोरडा दिसणारा खड्डा फसवतो.

चिरे

ट्रक आला की वरचे चार चिरे सुबक असतातच, बघायचे ते मधले. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. मातीने भरलेली मोठी भोके, पिवळट मऊ पट्टे, कोपरे तुटलेले चिरे बाजूला काढून मोजून परत द्यावेत. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि हवा लागल्यावर घट्ट होत जातो, म्हणून बांधणीच्या बऱ्याच आधी आणून रचून ठेवलेला माल चांगला.

रचण्याआधी चिरा भिजवला नाही, तर तो मसाल्यातले पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. दुसऱ्या दिवशी खिळ्याने सांधा खरवडून बघा. पावडर निघाली तर पाणी कमी पडले आहे. एका दिवसात भिंत मीटरभराहून जास्त चढवू नये. ओळंबा आणि लेव्हलची नळी ही मिस्त्रीची हत्यारे असली, तरी ओळंबा तुम्हीही लावून बघू शकता, त्यात अपमान कसला!

सळ्या आणि स्लॅब

घराच्या कामात एकच दिवस सुट्टी काढायची असेल तर ती स्लॅबच्या आदल्या दिवशी काढा, स्लॅबच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी सेंटरिंगवर (काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या साच्यावर) सळ्या बांधून तयार असतात आणि बदल करायला वेळही असतो. ओतणी सुरू झाल्यावर तुमचे कोणी ऐकत नाही.

सळ्या आल्या तेव्हाच वजनाची परीक्षा घ्यावी. सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा; दर मीटरचे वजन किलोत मिळते. ८ मिमीला ०.३९५, १० मिमीला ०.६१७, १२ मिमीला ०.८८८, १६ मिमीला १.५८ किलो. १२ मिमीचे मीटरभराचे दोन-तीन तुकडे किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तरी कळते. सरासरी ५ टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर सळी बारीक आहे आणि तुम्ही टनाचे नव्हे, तर नगाचे पैसे देत असाल तर फसताय.

आदल्या दिवशी तपासायचे ते असे. स्लॅबच्या सळ्यांखाली कमीत कमी २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळी साच्यापासून दूर धरणारे ठोकळे), बीमला २५, कॉलमला ४०, पायाला ५०; समुद्राजवळ स्लॅब-बीमला याहून जास्त लागते, ते इंजिनीअरला विचारा. चिऱ्याचे किंवा लादीचे तुकडे ठेवलेले असतील तर काढायला लावा. चिऱ्याचा तुकडा ओल शोषून थेट सळीपर्यंत नेतो. खारी हवा आणि कमी कव्हर एकत्र आले की सळी गंजून फुगते आणि स्लॅबच्या पोटाचे काँक्रीट पडायला लागते. मोरजी-मांद्र्याकडच्या जुन्या गच्च्यांखाली मान वर करून बघितले तर हे दिसते. कॉलम-बीमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके ९० नव्हे, १३५ अंशांत आत वळलेली हवीत. आधाराजवळ रिंगा दाट असतात, मध्ये विरळ. कारागीर सगळीकडे सारखे अंतर ठेवून मोकळा होतो. बाल्कनीची मुख्य सळी वरच्या बाजूला असते. ती पायाखाली दबून खाली गेली तर बाल्कनी नुसती लोंबते, म्हणून तिच्याखाली खुर्च्या (सळी उचलून धरणारे सळीचेच आधार) भरपूर हव्यात.

सेंटरिंगच्या टेकूंखाली मऊ माती असेल तर फळ्या घालाव्यात. विजेचे पाइप आणि पंख्यांच्या पेट्या बसल्या की टेप ठेवून फोटो काढा.

काँक्रीटचे गणित सोपे आहे. १०० चौरस मीटर स्लॅब १२५ मिमी जाडीचा असेल तर १२.५ घनमीटर, बीम वेगळे. एम २० (काँक्रीटच्या ताकदीची एक प्रत) च्या १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट लागते, म्हणजे १०० गोण्या. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा. ८० निघाल्या तर प्रश्न विचारा. मात्र समुद्राजवळ एम २५ च्या खाली जाऊ नये, आणि एम २५ घमेल्याच्या मापाने होत नाही. त्याला इंजिनीअरचे डिझाइन मिक्स (हिशेबाने ठरवलेले प्रमाण) किंवा तयार काँक्रीट लागते. तयार काँक्रीट मागवण्याआधी ट्रक वाड्यावरच्या अरुंद रस्त्यावरून, वाटेतल्या मोरीवरून येतो का ते चालकाला आधी दाखवून आणा.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती पाण्याने. एम २० ला ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटरची मर्यादा आहे. मजुरांना पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून ते बादली वाढवत राहतात. मिक्सरवर पाण्याचे मापाचे भांडे ठेवायला लावा आणि तिथे घरचा एक माणूस दिवसभर बसवा. चहा-पोह्यांची व्यवस्था दुसऱ्याने बघावी. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरींचे पाणी खारट होते. आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून शंका आली तर नमुना तपासून घ्या किंवा टँकर मागवा. नदीच्या वाळूवरच्या निर्बंधांमुळे आता बहुधा क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) येते. कोणी नदीची म्हणून वाळू आणलीच तर जिभेवर ठेवून बघा, खारट लागली तर परत पाठवा.

तेवढ्याच आग्रहाने मागायच्या दोन गोष्टी म्हणजे जास्तीची व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून दाट बसवणाऱ्या यंत्राची) सुई आणि ताडपत्री. ओतणी मधेच तासन् तास थांबली तर जिथे थांबली तिथेच पुढे गळती लागते. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब (चौकोनी ठोकळे) त्याच दिवशी भरून घ्या. १२-१५ घनमीटरला तीन-तीन क्यूबचे दोन संच. सात दिवसांत सुमारे ६५ टक्के ताकद यावी, खरा आकडा २८ दिवसांचा.

दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवायचे, कॉलमला ओले गोणपाट गुंडाळायचे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान १०; गोव्यात मिळणारे बरेचसे पीपीसीच असते, गोणीवर वाचून बघा. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४, पुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे, पीपीसीला आणखी थांबावे. कंत्राटदाराला सेंटरिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो आधीच काढायला येतो. टेकू काढण्याची तारीख कंत्राटात लिहून घ्या.

आतली कामे

प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून टेप धरून. पुढे खिळा ठोकताना हाच फोटो वाचवतो. भिंतीत आडवे खाचे खणू देऊ नयेत, भिंत तिथे कमजोर होते. नळाच्या पाइपांना दाबाची चाचणी लादी-टाइलआधी घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाले की पाणी भरून पेन्सिलने खूण करावी आणि ४८ तासांनी खालून छत बघावे. फरशीला उतार १०० ला १ हवा. बादलीभर पाणी ओतले की कळते.

कौलारू छप्पर असेल तर लोखंडी सांगाड्याला कौले चढण्याआधीच प्राइमर आणि दोन हात रंग लागायला हवा, वेल्डिंगच्या सांध्यांना आधी. कौले चढली की तिथे ब्रश पोचत नाही. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतके छज्जे बाहेर काढा, चिऱ्याच्या भिंतीचे त्यानेच जास्त रक्षण होते.

नोंद आणि पैसे

एक वही पुरते: तारीख, किती माणसे आली, किती गोण्या उतरल्या आणि वापरल्या, काय झाकले गेले, कोणाशी काय ठरले. सूचना देणारा माणूस घरात एकच असावा. काकांनी खिडकी हलवायला सांगितली, काकूंनी ओटा वाढवायला, तर बिलात 'जादा काम' वाढते आणि त्याचा कागद कोणाकडेच नसतो. बदल ठरला की त्याच दिवशी दर लिहून दोघांच्या सह्या.

हप्ते तारखेला बांधू नयेत, टप्प्याला बांधावेत: 'जोत्याची भर ठोकून औषध मारल्यावर', 'क्यूबचा २८ दिवसांचा निकाल आल्यावर', 'पाणी भरून चाचणी झाल्यावर'. पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, आणि हे कंत्राटाच्या पहिल्या पानावर असू द्या. जुलैत मोठा पाऊस लागला की टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीचे कोपरे, खिडक्यांचे खालचे काठ आणि पाणी-टाकीखालचा स्लॅब बघा, ओल दिसेल तिथे खडूने तारीख घाला, फोटो काढा. ऑक्टोबरात कंत्राटदार ती ओल दुरुस्त करून गेला की मग राखलेले पैसे द्या.